डेडलिफ्टच्या नोंदी: बार जमिनीवर असतानाचं काम

५ जानेवारी

डेडलिफ्टचं, म्हणजे वजन लावलेला लोखंडी बार जमिनीवरून उचलून सरळ उभं राहायच्या व्यायामाचं, वजन गेल्या काही आठवड्यांत भराभर चढलं. नवख्यांचं चढतंच. सुरुवातीची वाढ स्नायू मोठे झाल्यामुळे कमी आणि मज्जासंस्था हालचाल शिकते त्यामुळे जास्त होते. मग शिकायचंच आहे तर ती हालचाल चांगली शिकावी, म्हणून काही काळ वजन बाजूला ठेवून फक्त फॉर्मवर काम करायचं ठरवलंय. एका वेळी एकच गोष्ट, आणि तिची इथे नोंद.

आज २० किलोचा बार आणि दोन्ही बाजूंना १० किलोची प्लेट, म्हणजे ४० किलोवर पाच रेपचा सेट (ओळीने पाच वेळा उचलणं) केला आणि व्हिडिओ घेतला. मोबाइल हिप्सच्या उंचीवर हवा, खालून घेतला तर पाठीचा कोन फसवा दिसतो. शिवाय अगदी बाजूने घेतला की प्लेटच्या मागे पाऊल आणि नडगी दोन्ही झाकली जातात, म्हणून दुसरा व्हिडिओ थोडा पुढून, तिरका घेतला. तोच जास्त उपयोगी पडला.

व्हिडिओत दिसलं ते असं: बार गुडघ्यापाशी येताना पुढे जातो आणि मग मांडीकडे परत येतो. बार जमिनीवरून सुटायच्या आधी हिप्स वर जातात. शेवटच्या दोन रेपना पाठीचा खालचा भाग गोल होतो. मी तीन वेगवेगळे उपाय शोधायला लागले होते, तेवढ्यात जिममध्ये शिकवणाऱ्या सरांनी व्हिडिओ पाहिला आणि म्हणाले, "अगं, हे सगळं वर जाताना दिसतंय, पण बिघडतंय खालीच. बार सुटायच्या आधी काय करतेस ते बघ." पुढच्या सगळ्या कामाची दिशा हीच.

८ जानेवारी

बारला हात लावला नाही. फक्त हिप हिंज.

डेडलिफ्ट म्हणजे बार हातात धरून मारलेली बैठक, असं बरेच जण समजतात आणि तसंच करतात. बैठकीत हिप्स खाली जातात आणि गुडघे पुढे येतात. हिंजमध्ये हिप्स मागे जातात, गुडघे थोडेसेच वाकतात आणि धड पुढे झुकतं. दोन्ही हात सामानाने भरलेले असताना मागचं दार आपण ढुंगणाने ढकलून बंद करतो, ती हालचाल म्हणजेच हिंज.

सरावासाठी काठी पाठीवर उभी धरली. डोक्याचा मागचा भाग, दोन खांद्यांच्या फऱ्यांमधली जागा आणि माकडहाड, या तीन ठिकाणी काठी टेकलेली राहिली पाहिजे. वाकताना माकडहाडापासून काठी सुटली तर कंबर गोल होतेय, डोक्यापासून सुटली तर मान खाली जातेय. आरशात बघायची गरज पडत नाही, काठी लगेच सांगते. आणखी एक युक्ती म्हणजे भिंतीकडे पाठ करून एका पावलाच्या अंतरावर उभं राहायचं आणि गुडघे फारसे न वाकवता हिप्सनी भिंतीला स्पर्श करायचा. जमलं की बोटभर पुढे सरकायचं आणि पुन्हा. मांडीच्या मागच्या बाजूला जो ताण येतो तो हॅमस्ट्रिंगचा. तो जाणवायलाच हवा. नाही जाणवला तर आपण बैठकच मारतोय.

१२ जानेवारी

आजचा विषय पाऊल आणि बार यांतलं अंतर. मला आतापर्यंत सापडलेली सगळ्यात मोलाची गोष्ट हीच.

बार पावलाच्या मध्यावर असावा, हे सगळेच सांगतात. पण उभं राहून खाली पाहिलं की टाच आपल्याला दिसत नाही, ती नडगीच्या मागे असते. दिसतो तो घोट्यापासून बोटांपर्यंतचा भाग, आणि त्याचा मध्य धरला तर बार खऱ्या मध्याच्या बराच पुढे राहतो. म्हणून बूट काढून टाचेच्या मागच्या कडेपासून अंगठ्याच्या टोकापर्यंत मोजलं, अर्ध्यावर खूण केली आणि बुटावर त्या जागी पांढऱ्या टेपची बारीक पट्टी चिकटवली. ती नेमकी लेसच्या गाठीखाली आली. आता बार त्या पट्टीवर आला की नडगीपासून जेमतेम दोन-तीन सेंटीमीटर दूर असतो. पहिल्यांदा हे अंतर फारच कमी वाटतं, बार नडगीला घासणार असं वाटतं. पण तेच बरोबर आहे.

कारण साधं आहे. उभ्या माणसाचा तोल पावलाच्या मध्यावर असतो, आणि जड बार हातात आला की माणूस आणि बार मिळून एकच वस्तू होते. बार चवड्यावर असेल तर जमिनीवरून सुटताच तो आधी मागे, तोलाच्या रेषेत येऊ पाहतो किंवा आपल्याला पुढे ओढतो. व्हिडिओतला तो पुढे-मागे वळणारा मार्ग तिथूनच येत होता. पट्टीवर बार ठेवून केलेल्या सेटमध्ये बार जवळजवळ सरळ रेषेत वर गेला, बाकी काहीही न बदलता!

दोन गोष्टी याच्याशी जोडलेल्या. पहिली म्हणजे बूट. पळण्याच्या बुटांची टाच जाड आणि मऊ असते. ती दबते आणि तोल पुढे ढकलते, त्यामुळे सपाट, टणक तळव्याचे बूट बरे. दुसरी म्हणजे प्लेटचा आकार. स्पर्धेतल्या मोठ्या प्लेटचा व्यास ४५० मिलिमीटर असतो, म्हणजे बारचा मध्य जमिनीपासून साडेबावीस सेंटीमीटरवर येतो. लहान व्यासाच्या प्लेट लावल्या तर बार त्याहून खाली राहतो आणि नवख्याला तिथपर्यंत पाठ सरळ ठेवून पोचणं अवघड जातं. पूर्ण व्यासाच्या हलक्या प्लेट नसतील तर दोन्ही बाजूंना ठोकळे किंवा सपाट प्लेट ठेवून बार तेवढ्या उंचीवर आणावा.

१९ जानेवारी

हिप्स किती खाली ठेवायचे? या एका प्रश्नावर जिममध्ये जितके लोक तितकी उत्तरं मिळतात.

सरांनी वेगळ्या पद्धतीने शिकवलं. हिप्सची उंची आपण ठरवायची नाही, ती मांडणीतून आपोआप ठरते. बार पट्टीवर, पाय हिप्सच्या रुंदीइतके लांब, बोटं जराशी बाहेर. मग पाय जवळपास सरळ ठेवून वाकायचं आणि बार न हलवता पकडायचा, हात पायांना अगदी लागून बाहेरच्या बाजूने. त्यानंतर नडगी बारला टेकेपर्यंतच गुडघे वाकवायचे. बस्स, आता हिप्स जिथे आहेत तिथेच राहू द्यायचे आणि छाती वर आणून पाठ ताठ करायची. बारला ढकलायचं नाही, जवळ ओढायचं नाही. तो हलला तर सगळं पहिल्यापासून.

या स्थितीत खांदे बारच्या किंचित पुढे असतात आणि खांद्याचे फरे साधारण बारच्या वर येतात. हिप्स याहून खाली नेले की नडगी पुढे झुकते आणि बारला पुढे ढकलते. मग जोर लावताच शरीर आपली जागा स्वतःच शोधतं आणि हिप्स आधी वर उडतात. म्हणजे माझे हिप्स "लवकर वर जात" होते असं म्हणण्यापेक्षा ते मुळात जास्त खाली बसत होते, असं म्हणायला हवं.

माझी मैत्रीण सोबत करते. तिचे हात लांब आणि मांड्या आखूड, त्यामुळे तिचं धड बरंच उभं असतं. माझ्या मांड्या लांब, म्हणून मी जास्त झुकलेली दिसते. दोघींचा बार पट्टीवर, दोघींची पाठ सरळ, तरी फोटो शेजारी ठेवले तर दोन वेगळे व्यायाम वाटतील. दुसऱ्याचा कोन बघून आपला कोन ठरवू नये.

२३ जानेवारी

झोप अपुरी होती. ४५ किलोवर दुसऱ्याच सेटला पाठ ढिली वाटली, तिथेच थांबले. घरी जाऊन झोपले.

२८ जानेवारी

बारमधला ढिलेपणा काढणं. हे आज कानाने शिकले.

बार प्लेटच्या भोकातून जातो तिथे थोडी फट असते. पकडून हळूहळू ताण दिला की बार त्या फटीत वर सरकतो आणि प्लेटला टेकतो, बारीकसा "टक" आवाज येतो. प्लेट अजून जमिनीवरच असतात. जिममध्ये गाणी बंद होती म्हणून तो आवाज स्पष्ट ऐकू आला. हाच आवाज येईपर्यंत हात, खांदे, पाठ, पोट सगळं ताठ करून घ्यायचं आणि मग पायांनी जमीन खाली ढकलायची. झटका मारला तर आधी कोपरं सरळ होतात, मग खांदे ताणले जातात, मग पाठ वाकते, आणि हे सगळं झाल्यावर बार हलतो. म्हणजे पाठ सरळ ठेवायचे सगळे कष्ट त्या एका झटक्यात वाया.

बार कोणता त्यानुसार हा अनुभव बदलतो. पॉवरलिफ्टिंगचा नेहमीचा बार २९ मिलिमीटर जाडीचा आणि ताठ असतो. खास डेडलिफ्टसाठीचा बार २७ मिलिमीटरचा आणि जास्त लांब असतो. जड वजनाला तो आधी वाकतो, मग प्लेट सुटतात. माझ्या वजनाला बार वाकण्याचा प्रश्नच येत नाही, माझ्यापुरता तो "टक" पुरेसा आहे.

२ फेब्रुवारी

श्वास. छातीत भरलेला श्वास खांदे वर उचलतो, त्याचा इथे उपयोग नाही. पोटात, बाजूला, पाठीच्या खालच्या भागातसुद्धा हवा भरायची आणि कुणी पोटात गुद्दा मारणार आहे अशा तयारीने पोट आवळायचं. पोटाच्या पोकळीतला दाब वाढतो आणि तो कण्याला आतून आधार देतो. बार जमिनीवर परत टेकला की श्वास सोडायचा, पुढच्या रेपला नवा घ्यायचा. यात रक्तदाब काही क्षण बराच चढतो. रक्तदाबाचा किंवा हृदयाचा त्रास असलेल्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय श्वास असा रोखू नये.

कमरेला पट्टा लावू का, असं सरांना विचारलं. "लाव की, पण आधी पट्ट्याशिवाय पोट फुगवता येऊ दे. पट्ट्याला ढकलायला आत काहीतरी हवं ना?" बरोबर आहे. पट्टा स्वतःहून पाठ धरत नाही. पोट त्याच्यावर दाब देतं तेव्हाच त्याचा फायदा. तूर्तास नको.

क्रम मात्र जुळवावा लागला. श्वास उभ्यानेच घेतला तर खाली जाईपर्यंत निम्मा निसटतो, पूर्ण वाकल्यावर घेतला तर पोटाला जागा उरत नाही. मी आता बार पकडून, छाती वर आणायच्या आत घेते.

९ फेब्रुवारी

५५ किलो. बार गुडघ्यापाशी पुन्हा पायापासून सुटतोय. पट्टीवर सुरू होतो, पण तिथे टिकत नाही.

कागदावर हिशेब मांडला. ६० किलोचा बार म्हणजे सुमारे ५९० न्यूटन बल. समजा बार हिप्सच्या सांध्यापासून आडव्या अंतरात २५ सेंटीमीटर पुढे आहे, तर त्या सांध्याभोवती बारमुळे येणारं आघूर्ण (फिरवणारा जोर) सुमारे १४७ न्यूटन-मीटर. तोच बार आणखी ५ सेंटीमीटर पुढे गेला की १७७. वजन तेवढंच, पण हिप्स आणि पाठीचं काम एक पंचमांशाने वाढलं. ५ सेंटीमीटर अंतर म्हणजे १२ किलो जादा! हा हिशेब केल्यापासून बार पायाला चिकटून ठेवण्याबद्दल मी फार हट्टी झालेय.

बार जवळ ठेवण्याचं काम लॅट्सचं, म्हणजे काखेखालून कमरेपर्यंत पसरलेल्या पाठीच्या स्नायूंचं. सरांनी बारच्या मध्यावर इलॅस्टिक बँड बांधला आणि समोर उभं राहून तो स्वतःकडे ओढून धरला. बार पुढे खेचला जातोय आणि मला तो नडगीला लावून वर न्यायचाय. काही रेपमध्येच काखेखाली एवढी जाग आली की बँड काढल्यावरही बार मोज्याला घासत, मग मांडीला घासत वर गेला. लांब मोजे घालायला लागले आहे, नडगी सोलून घेण्यात काही शौर्य नाही.

लॅट्स आवळायचे तेही बार सुटायच्या आधीच. गुडघ्यापाशी गेल्यावर आठवलं तर उशीर झालेला असतो.

१६ फेब्रुवारी

जोडीला रोमानियन डेडलिफ्ट सुरू केली, हलक्या वजनावर आठ-आठ रेप. रुमानियाचा वेटलिफ्टर निकू व्लाद, १९८४ च्या लॉस एंजेलिस ऑलिंपिकचा सुवर्णपदक विजेता, हा व्यायाम करायचा. त्याच्यामुळे तो अमेरिकेत पोचला आणि त्याच्या देशाचं नाव त्याला चिकटलं. यात बार वरून सुरू होतो, जमिनीवर टेकत नाही, गुडघे किंचित वाकलेले तसेच राहतात आणि हिप्स मागे जातील तेवढाच बार खाली जातो. माझा नडगीच्या मध्यापर्यंत जातो. त्याच्या खाली गेले की पाठ वाकते, म्हणून तिथेच माझी हद्द.

याचा मोठा फायदा बार खाली ठेवताना झाला. आधी हिप्स मागे, बार मांडीवरून घसरत गुडघ्यांच्या खाली आला की मग गुडघे वाकवायचे. गुडघे आधी वाकले तर बारला त्यांना वळसा घालून पुढून जावं लागतं आणि तो नको तिथे, बोटांवर टेकतो. मग पुढची रेप चुकीच्या जागेवरून सुरू होते.

२४ फेब्रुवारी

६० किलोला शेवटच्या रेपमध्ये बार बोटांतून निसटू लागला. तळहाताच्या मध्यात पकडलेला बार वजनाने खाली, बोटांच्या मुळाशी येतोच आणि येताना कातडी चिमटून घट्टे पाडतो. म्हणून सुरुवातीलाच बोटांच्या मुळाशी धरायचा. हाताला मॅग्नेशियम कार्बोनेटची पावडर लावली, फरक लगेच जाणवला.

एक तळवा पुढे, एक मागे अशी उलटसुलट पकड बार फिरू देत नाही, म्हणून घट्ट बसते. पण तळवा पुढे असलेल्या हाताच्या बायसेप्सवर ताण येतो, आणि कोपर वाकवून ओढलं तर तिथला स्नायुबंध फाटण्याच्या घटना जड वजनावर घडलेल्या आहेत. हुक ग्रिपमध्ये अंगठा बोटांखाली दाबला जातो, ती दुखते पण दोन्ही बाजू सारख्या राहतात. मी अजून दोन्ही तळवे आतच ठेवणार आहे. पकड मागे पडली तर शेवटच्या सेटला मनगटाला बांधून बारला गुंडाळायच्या पट्ट्या वापरीन, कारण हाताच्या कमजोरीपायी पायांची शिकवणी थांबवण्यात अर्थ नाही.

४ मार्च

आज पाठीबद्दल लिहायचंय, कारण नवख्यांना सगळ्यात जास्त भीती तिचीच असते, मलाही होती.

कण्याची नैसर्गिक वळणं आहेत तशी ठेवायची. सरळ पाठ म्हणजे आडवी किंवा उभी पाठ नव्हे, आणि कंबर मागे ताणून वाकवणंही नव्हे. अनुभवी लिफ्टरांची पाठ वरच्या भागात थोडी गोल दिसते, पण ती सुरुवातीपासून शेवटपर्यंत तशीच राहते. काळजी करायची ती वजन हातात असताना कमरेचा कोन बदलण्याची. माझ्या ६५ किलोच्या व्हिडिओत मी आता फक्त तेच पाहते: टी-शर्टवरची कमरेची घडी बार सुटताना होती तशीच गुडघ्यापर्यंत राहते का? आज चार रेपना राहिली, पाचव्याला थोडी हलली.

दुसऱ्या दिवशी मांडीचा मागचा भाग, ग्लूट (ढुंगणाचे स्नायू) आणि पाठीचे दोन्ही बाजूंचे स्नायू भरून येणं स्वाभाविक आहे, काही दिवसांत ते ओसरतं. पण एकाच जागी टोचणारी कळ, पायात उतरत जाणारी वेदना, मुंग्या किंवा बधिरपणा, यांपैकी काहीही आलं तर डेडलिफ्ट बंद आणि डॉक्टर. लघवी-शौचावरचा ताबा गेल्यासारखं किंवा जांघेत बधिर वाटलं तर त्याच क्षणी दवाखाना. हे भीती घालायला लिहीत नाही. थकवा कोणता आणि इजा कोणती हे माहीत असलं की उलट निर्धास्तपणे वजन उचलता येतं.

१२ मार्च

वरचं टोक. गुडघे सरळ, हिप्स पुढे, खांदे मागे, संपलं. अनेक जण इथे मागे रेलतात आणि कंबर दाबून घेतात, त्याने काहीच मिळत नाही. ग्लूट आवळले की हिप्स आपोआप पूर्ण उघडतात. पॉवरलिफ्टिंगच्या नियमातही एवढंच मागितलंय: गुडघे ताठ, खांदे मागे, आणि पंचाने खाली ठेवायला सांगेपर्यंत स्थिर. बार मांडीवर टेकवून धक्क्याधक्क्याने वर नेला तर लिफ्ट बाद. मला स्पर्धेत उतरायचं नाही, पण वर क्षणभर थांबायची सवय आवडली. तिथे तोल तपासता येतो: वजन टाचांवर आहे, बोटांवर आहे की पूर्ण पावलावर.

१९ मार्च

सेट कसे करायचे हे ठरवलं. प्रत्येक रेप जमिनीवर पूर्ण थांबवायची, पकड न सोडता, पण मांडणी नव्याने. प्लेट आपटून उसळीवर पुढची रेप घेतली तर जास्त होतात, पण सगळ्यात अवघड भाग, म्हणजे स्थिर बार जमिनीवरून सोडवणं, त्याचा सरावच होत नाही. नवख्याला तर त्याच भागाची गरज.

दुसरा नियम वजनाचा. हिप्स बारच्या आधी हलले की सेट तिथेच संपला, रेप कितीही राहिल्या असोत. पुढच्या वेळी वजन तेच. सगळ्या रेप स्वच्छ झाल्या तर अडीच किलो वाढ. मैत्रिणीला हे फार कडक वाटतं, ती पाच किलोने वाढवते आणि तिला जमतंय. आठवड्यातून एक जड दिवस आणि एक हलका, यावर दोघींचं एकमत आहे.

२६ मार्च

७० किलो, पाच रेप, तीन सेट. पहिले दोन्ही सेट मनासारखे. तिसऱ्याच्या शेवटच्या रेपला हिप्स थोडे आधी उठले, पण बार नडगी सोडून गेला नाही. सरांच्या मते आता जागा बरोबर आहे, मांड्यांची पुढची बाजू दमली की पाय आधी सरळ होतात. म्हणून पुढचे काही आठवडे हलक्या दिवशी थांब्याची डेडलिफ्ट करायची: ५० किलो, तीन-तीन रेप, बार जमिनीपासून चार बोटं वर आला की दोन सेकंद तिथेच धरायचा, मग वर. त्या थांब्यात हिप्स आणि खांदे बरोबरीने वर आलेत का, हे मैत्रीण बाजूने बघणार. जड दिवशी वजन ७० वरच राहील.

उजव्या बुटावरची टेप सुटत आलीय. सोमवारच्या आधी नवी लावायची.